बंदीतली होडी

मोबाइलमधल्या गेमबद्दल सगुणाची मतं पक्की होती, आणि ती न विचारताही मिळत. रंगीत गोळ्या जुळवून फोडायच्या, तो रिकामटेकड्यांचा धंदा. पोलीस मागे लागतो आणि पोरगा रुळांवरून पळत सुटतो, तो गेम बरा, पण पळून पळून पोचतो कुठे? लुडो ओळखीच्या माणसाशीच खेळावा, नाहीतर हरल्यावर भांडायचं कुणाशी? सगळ्यांत झकास गेम मासेमारीचा. त्यात खाऱ्या पाण्यात नदीतला रोहू सापडतो, हा बनवणाऱ्याचा गाढवपणा तिने मोठ्या मनाने माफ केला होता.

वर्सोवा कोळीवाड्यातल्या तिच्या गल्लीतल्या बायकांनी या गेममध्ये आपलं एक बंदर केलं होतं. प्रत्येकीची एक होडी. कुणाची किनाऱ्याला आहे, कुणाची दर्यात, हे सगळ्यांना दिसायचं, आणि जिची मासळी जास्त तिचं नाव सगळ्यांत वर. ते नाव कायम सगुणाचं असे. घरात सासूचं चालायचं, बाजारात गिऱ्हाइकाचं. इथे तेवढं तिचं चालायचं.

मग धाकटी जाऊ आली. नमिता, भांडुपची, कोकणातल्या शेतकरी घरची. गेम तिला सगुणानेच हौसेने शिकवला. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, सगळं.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. होड्या वर ओढल्या, ताडपत्र्या बांधल्या. त्याबरोबर गल्लीतल्या बायकांनी गेममधल्या होड्याही किनाऱ्याला लावल्या. असं कुणी ठरवलं नव्हतं की बोललंही नव्हतं. मासळी अंडी घालते त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, मग ती मोबाइलमधली का असेना. नमिताला हे कुठून ठाऊक असणार? तिला दर्या मोकळा मिळाला आणि बघता बघता तिचं नाव वर गेलं.

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! एक शब्द सांगितला असता तर नमिता थांबली असती. पण सांगितलं तर तिला वाटणार, हिच्या पोटात दुखतंय. आणि दुखत तर होतंच. त्यात सुकटीचं कालवण खाऊन सासू म्हणाली, "धाकटीच्या हाताला चव हाय गो." त्या दिवशी सगुणा अर्ध्या ताटावरून उठली.

"ताई, तुम्ही हल्ली खेळत नाही. कंटाळा आला का?" नमिताने एकदा विचारलं.

"मना येळ नाय गो तुझ्यासारखा," सगुणा फणकारली.

शेवटी एका दुपारी तिला राहवलं नाही. सासू आणि नमिता आतल्या खोलीत काहीतरी बोलत बसल्या होत्या. त्यांचं ते गूळपीठही तिला सहन होईना. भिंतीवरच्या एकवीरा आईच्या तसबिरीकडे पाठ करून ती बसली आणि तिने होडी लोटली. जाळं भरून आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा भरलं. चहाच्या वेळेपर्यंत तिचं नाव सगळ्यांत वर होतं, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

तेवढ्यात नमिता बाहेर आली. तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, सॉरी हां. बंदीत होडी नेत नाहीत, हे आत्ता आईंनी सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं. होडी लगेच किनाऱ्याला लावली मी, पकडलेली सगळी मासळी सोडून दिली. एवढे दिवस बघत होतात, तरी एका शब्दाने बोलला नाहीत. तुमचं मन मोठं आहे. हे बघा ना."

तिने मोबाइल पुढे धरला. गल्लीतल्या सगळ्या होड्या किनाऱ्याला ओळीने उभ्या होत्या. भर दर्यात एकच होडी होती, आणि वर एकच नाव होतं, सगुणाचं.

नमिताने पडद्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

इतक्यात शेजारच्या नलिनीची दारातून हाक आली, "अगो सगुणा, बंदीत तुझी होडी दर्यात कशी गो?"

सगुणाने आपला मोबाइल पदराखाली सरकवला.

"माझ्या हातून गेली, काकी!" नमिता ओरडली. "ताईंचा फोन घेतला होता मी. मला कळत नाही ना यातलं."

"नवी हाय गो, शिकंल," म्हणत नलिनी हसत निघून गेली.

नमिताने फोन बाजूला ठेवला आणि चहाचं आधण चढवायला आत गेली. सगुणाला तिचा आजवर कितीदा राग आला होता, पण आत्ता आला तेवढा कधीच आला नव्हता.