शनिवारच्या मुठी

पहिल्याच शनिवारी मी सगळ्या घरांच्या मुठी एकाच पोत्यात ओतल्या.

मुठी म्हणजे धान्याच्या. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांत ही जुनी रीत. बाई भाकरीला पीठ काढते, भाताला तांदूळ काढते, तेव्हा त्यातली एक मूठ देवाच्या नावाने वेगळ्या गाडग्यात टाकते. आठवड्याचं जे साठेल ते मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, जातं आणि त्यावर पाळकाच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूच्या, घरची चूल चालते. त्यातलाच वाटा त्याच्या हाताखालच्या माझ्यासारख्या शिकाऊ उपदेशकाला. दारोदार जाऊन ते गोळा करायचं कामही शिकाऊ माणसाचंच. पाळकसाहेबांनी मला त्यासाठी चार पिशव्या दिल्या होत्या. मला वाटलं, एक भरली की दुसरी. मग चारही लहान वाटल्या म्हणून मी पोतं घेतलं.

घरी आल्यावर बायकोने पोत्यात हात घातला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि या सगळ्यांवर सारखं बसलेलं कुणाचं तरी नाचणीचं पीठ.

"याला काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"अर्पण," मी म्हणालो.

ती दोन दिवस सूप घेऊन बसली. जे वेगळं झालं ते झालं, उरलेलं तिने दळून आणलं. त्या आठवड्याच्या भाकरीची चव काही सांगता येण्यासारखी नव्हती. आमच्या मुलीने एक तुकडा मोडला आणि हे पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातून आणलंय का, असं विचारलं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. या वयात लोक स्थिरस्थावर होतात. मी देहूरोडच्या लष्करी डेपोतली कारकुनी सोडून पाळक व्हायला निघालो होतो. त्याचं कारण असं की एका दुपारी कांबळी मोजताना माझ्या छातीत अचानक ऊब भरून आली आणि डोळ्यांना पाणी आलं. आमचे हेडक्लार्क म्हणाले, पित्त असेल. मी म्हणालो, पाचारण आहे. देव माणसाला आपल्या कामासाठी बोलावतो, त्याला आमच्यात पाचारण म्हणतात. सहा महिने झाले तरी ती ऊब टिकून होती, तेवढ्यात मी राजीनामा दिला. बायको तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची, तिनेही नोकरी सोडली. आम्ही चिंचवडला एका खोलीत राहायला आलो. आठवड्यातले चार दिवस मी पुण्याला वर्गाला जायचो आणि शनिवार-रविवार पाळकसाहेबांच्या हाताखाली.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी ती ऊब गेली. नेमकी कधी, ते मलाही कळलं नाही. काही घडलं असतं तर बरं झालं असतं. घरात कोणी गेलं असतं, आजारपण आलं असतं, तर लोक समजूत घालायला तरी आले असते. तसं काहीच नव्हतं. मी जेवत होतो, झोपत होतो, जुन्या कराराच्या परीक्षेत चांगले मार्क मिळवत होतो. मंडळी गायला लागली की शेजारच्यांचे डोळे भरायचे. मी पुढच्या माणसाच्या मानेवरचा मस बघत उभा राहायचो. प्रार्थना तोंडातून व्यवस्थित यायची. पायमोजे काढून ठेवावेत तशी ती बाहेर यायची आणि तिथेच पडून राहायची.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? पाळकीचं शिक्षण घेणाऱ्याने मला देव जाणवत नाही म्हणणं म्हणजे हलवायाने गोड खात नाही म्हणण्यासारखं.

तोवर तिसरं वर्ष सरत आलं. पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, मंडळीचे तीन पंच माझी मुलाखत घेणार होते. प्रश्न पुष्कळ विचारत, पण खरा एकच: पाचारणाची खात्री आहे का? हो म्हटलं की पाळकपदाची दीक्षा मिळणार आणि तळेगावच्या बाजूची एक लहान मंडळी मिळणार. तिथे पाळकाला दोन खोल्यांचं घर होतं. नाही म्हटलं तर काय, याचा मी विचारच करत नव्हतो, कारण डेपोतल्या माझ्या खुर्चीवर केव्हाच दुसरा माणूस बसला होता. बायकोने त्या घराबद्दल एकच गोष्ट विचारली होती.

"मोरी घरात आहे की बाहेर?"

"घरात."

"दार आहे मोरीला?"

"आहे म्हणे."

त्यानंतर तिने काही विचारलं नाही. पण जुनी साडी फाडून तिने मोरीच्या दारासाठी पडदा शिवून ठेवला. दार असून पडदा कशाला, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

तेव्हा उत्तर तयार ठेवणं भाग होतं. मी ती कांबळ्यांची गोष्ट घासूनपुसून काढली. शनिवारी सायकल मारत ती मनातल्या मनात म्हणायचो आणि दर खेपेला छातीत थोडी जास्त ऊब घालायचो. शेवटी शेवटी तर तिथे उजेडही पडायला लागला होता.

माझ्या वाट्याची घरं पिंपरीला होती. औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. एका अंगाला निर्वासितांच्या बराकी, बाकी बाजरीची शेतं. त्या शेतांच्या कडेला नगरकडून आलेल्या आमच्या लोकांनी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ धरली होती. बहुतेक पुरुष कारखान्यात नाहीतर डेपोत हमालीला. मी एकेका दारात सायकल टेकवायचो, गाडगं पिशवीत रिकामं करायचो (आता पिशव्या चार होत्या, धान्यागणिक वेगळी), प्रार्थना म्हणायचो आणि पुढे. चाकात हवा भरायला लागतो त्याहून जास्त वेळ एका घराला लागत नसे.

ओळीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. सगळी वस्ती तिला आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही. तिचा मुलगा कारखान्यात बाटल्या धुवायच्या खात्यात होता. मुलाखतीच्या महिनाभर आधीच्या शनिवारी मी गेलो, तर ती उंबऱ्यात मिश्री लावत बसली होती. गाडगं शेजारीच होतं. मी वाकलो, तर तिने त्यावर हात ठेवला.

"सलाम, मास्तर. आधी सांगा, मागच्या शनिवारी माज्या दारात देवाकडं काय मागितलं?"

मी कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण उपदेशकाला मास्तर म्हणायची तिच्या गावाकडची सवय.

"तुमच्या घरादारावर कृपा..." मी सुरुवात केली.

"पाऊस मागितला. चांगला पाऊस पडू दे, पीक येऊ दे. मास्तर, आमच्याकडं शेत हाय व्हय? हुतं ते इकून तीन वरसं झाली. आता पाऊस आला तर पत्रं गळत्यात. म्या सांगितलं हुतं, पोराचं डोळं आल्यात, त्यासाठी मागा. तुमचं ध्यान सायकलीकडं."

शेजारच्या दारातली बाई हसली. मलाही हसू आलं असतं, पण तेही आलं नाही. मी उंबऱ्याजवळ जमिनीवर बसलो आणि जे दीड वर्षात कुणाला बोललो नव्हतो ते तिला म्हणालो.

"आत्याबाई, मला काही वाटतच नाही."

"म्हंजी?"

"प्रार्थना करताना. आत काही हलत नाही."

ती उठली, बाजूला जाऊन थुंकली, चूळ भरली आणि परत येऊन बसली. तोवर मी सायकलकडेच बघत होतो.

"मग मला काय हलतंय व्हय?" ती म्हणाली. "सांजच्याला पीठ काढाया बसलं की हात आपसूक गाडग्याकडं जातोय. मन कुटं जातंय? मन रॉकेल संपलं म्हनून कावत असतंय. आमचं मालक गेलं तवा चार म्हयनं म्या देवाशी बोलले न्हाई. बोलायचंच न्हाई म्हनलं. पर मूठ टाकत हुते."

"का?"

"का म्हंजी? आईनं लावल्याली सवय. हाताला कुटं राग कळतोय?" तिने गाडग्यावरचा हात काढला नाही. "तुमाला वाटलं तर मागनार, न वाटलं तर न्हाई, आसं हाय का? मग माज्या पोराच्या डोळ्यानं काय तुमची ऊब यायची वाट बघायची?"

उबेची गोष्ट मी वस्तीत आधी दोनदा सांगून चुकलो होतो, हे मला तेव्हा आठवलं.

"मागा आता. सायकल कुनी न्हेत न्हाई."

मुलगा आत खाटेवर पडला होता. मी आत जाऊन त्याचे डोळे पाहिले. लाल झालेले, पापण्या चिकटलेल्या. दोन वाक्यांत त्यांच्यासाठी मागितलं. पावसाचं काही बोललो नाही. माझ्या आत नेहमीसारखंच सामसूम होतं, फरक इतकाच की कुणाचे डोळे ते या वेळी मला ठाऊक होतं. बाहेर आलो तेव्हा तिने स्वतः गाडगं माझ्या पिशवीत उपडं केलं. बरोबर ज्वारीच्याच पिशवीत.

आभार मानायचे तर आधी आभारी वाटलं पाहिजे, असा माझा समज होता. पुण्याच्या वर्गातही साधारण तसंच शिकवत. पण त्या शनिवारनंतर मी दर दारात आधी विचारू लागलो, तुमच्यासाठी काय मागू? विसरू नये म्हणून परीक्षेच्या कागदाच्या पाठीमागे लिहून घ्यायचो. एकाला पहिली शिफ्ट हवी होती. एकीची शेळी अडली होती. एका सुनेने मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं की सासूबाईंना पावसाळाभर नगरला दुसऱ्या मुलाकडे राहायची इच्छा होऊ दे. ही मागणी मी देवापुढे जरा सौम्य करून मांडली. शेळीला दोन करडं झाली. आत्याबाईच्या मुलाचे डोळे डॉक्टरच्या थेंबांनी आठवड्यात बरे झाले. तिने त्याचं श्रेय देवाला आणि डॉक्टरला सारखं वाटून दिलं, मला त्यात धरलं नाही. मी कागदावर त्या ओळीपुढे 'आभार' लिहिलं आणि दारात तसं मोठ्याने म्हटलं. लिहिताना काही वाटलं का? नाही. पण डोळे तर बरे झाले होते. मला वाटो न वाटो, ते बरे झालेच होते.

मुलाखत पाळकसाहेबांच्या ओसरीवर झाली. पाळकसाहेब, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक लाकडाचे व्यापारी. हेडमास्तरांनी शास्त्रातले प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. व्यापाऱ्यांनी प्रकृती कशी आहे विचारलं, मी चांगली म्हणालो. मग पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि तो प्रश्न विचारला.

कांबळी, ऊब, उजेड, सगळं जिभेवर आलेलं होतं. पहिलं वाक्य मी बोललोही: "डेपोत असताना एका दुपारी..." आणि मला त्या गोष्टीचा विलक्षण कंटाळा आला. याला धैर्य म्हणू नये. तीच ती डाळ तिसऱ्या दिवशी पुढे आल्यावर माणूस ताट सारतो ना, तितपतच.

"तेव्हा वाटलं होतं," मी म्हणालो. "आता दीड वर्ष झालं, काही वाटत नाही. शनिवारी घरं फिरतो. लोक सांगतात ते मागतो, झालं की आभार मानतो. तेवढं मला येतं. ते करत राहीन. याला पाचारण म्हणतात की नाही, मला सांगता येणार नाही."

हेडमास्तरांची लेखणी थांबली. "हे लिहून घ्यायचं?" त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं.

मला बाहेर बसायला सांगितलं. पायरीवर त्यांच्या तिघांच्या वहाणा होत्या, मी त्यांच्याशेजारी बसलो. वेळ बराच गेला. आत कुणी आवाज चढवला नाही, त्यामुळे काय चाललंय ते कळेना. परत बोलावलं तेव्हा पाळकसाहेब उभे होते.

"दीक्षा या वर्षी नाही," ते म्हणाले. "आणखी एक वर्ष हीच घरं करा. मग पुन्हा विचारू."

"आणि तळेगाव?"

"तिथे दुसरे जातील."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

चिंचवडपर्यंत मी सायकल हातात धरून चालत आलो. दुपारची वेळ होती, मुलगी शाळेत होती. बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पंचांचा प्रश्न, माझं उत्तर, त्यांचा निर्णय. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तळेगाव नाही."

"नाही."

"मोरीही नाही."

"नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"तू रागावलीस का?" मी विचारलं. "खोटं बोललो असतो तर घर मिळालं असतं. पण खरंच मला काही वाटत नाही गं. दीड वर्ष झालं."

तिने भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तीन वर्षं झाली. शाळा सोडली त्या दिवसापासून. सगळ्या पिंपरीला विचारत फिरता, तुमच्यासाठी काय मागू, म्हणून. आपलं घर तुमच्या रस्त्यात येत नाही वाटतं?"