उसात पाहिलेली फायनल

तमाम कोल्हापूरकरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, फुटबॉल हा खेळ आपल्या गावाच्या वेशीबाहेरही खेळला जातो. ही बातमी ऐकीव नाही. मी स्वतः एस.टी.ची धूळ खात जाऊन खात्री करून आलो आहे. ज्यांचं हृदय अशक्त असेल त्यांनी पुढे वाचू नये.

बहात्तर सालचा उन्हाळा. नगर जिल्ह्यातल्या कोल्हार गावाहून आमचे साडू रंगनाथराव यांचा निरोप आला, "आमचा संघ फायनलला पोचलाय. तुम्ही जाणकार. या." जाणकार हा शब्द ऐकला आणि मी वळकटी बांधली. शाळेच्या संघात मी राखीव खेळाडू होतो आणि शेवटपर्यंत राखीवच राहिलो, हे साडूंना ठाऊक नाही.

नगरला गाडी बदलली. राहुरीपर्यंत सगळं रान भाजून निघालेलं, विहिरींवर मोटा उलट्या टाकलेल्या. मग एकाएकी कालव्याच्या कडेने हिरवागार ऊस लागला. पिवळ्या धोतराला हिरवा काठ असावा तसा. प्रवरेच्या पुलावरून खाली पाहिलं तर पात्रात नुसती वाळू. जे काही पाणी होतं ते कालव्यात, आणि कालव्यातलं पाणी म्हणजे काय चीज असते ते मला अजून कळायचं होतं.

रात्री मेहुणीने शेंगोळ्या वाढल्या (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कांड्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या). आमच्या रश्शापुढे हे काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी साडूंनी मला स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. इथे फुटबॉल आणला तो साखर कारखान्यातल्या एका बंगाली केमिस्टने. गाळप हंगाम संपला की ऊसगाड्यांचा तळ रिकामा होतो, त्याचंच मैदान. केमिस्ट बदलून गेला, खेळ राहिला. यंदा फायनल कोल्हार विरुद्ध राहाता. हॉटेलच्या बाकावर त्याचीच चर्चा चालली होती, आणि मध्यभागी होते किसनअण्णा. जन्मभर बैल पारखण्यात गेलेला माणूस.

"पाव्हनं, तुमी कोल्हापूरचं," अण्णा म्हणाले. "राहात्याचा सेंटर कसा वाटतो?"

मी त्याला पाहिलेलाही नव्हता. "पायात दम आहे, डोकं नाही," मी म्हणालो. हे कुठल्याही सेंटर फॉरवर्डला लागू पडतं.

"हेच मी कवाधरनं सांगतोय. चाल बगा त्याची. पेंडीवर वाढलेल्या खोंडावानी. पयलं जोरात वढतो, मंग मान टाकतो."

"सेमीफायनलला तीन गोल घातल्यात त्यानं," कोपऱ्यातून आवाज आला. "मान टाकत टाकत."

हा नामदेव, गावचा पाटकरी (कालव्याचं पाणी शेताशेताला वाटून देणारा सरकारी माणूस). नोकरी कोल्हारला, सासुरवाडी राहात्याला. म्हणजे गावाच्या लेखी शत्रूपक्षाचा, पण पाणी त्याच्या हातात. त्यामुळे शत्रूला रोज चहा पाजावा लागे.

"तुमी तर म्हननारच," अण्णा म्हणाले. "सासऱ्यानं पेरूची पाटी धाडली आसंल."

"पेरू गोड हुतं. तुमचा फॉर्म आंबट हाय, त्याला मी काय करू?"

इतक्यात सोपान आला. सोपान कोल्हारचा गोलकीपर. ताडमाड, हाताचे पंजे फावड्याएवढे. तो उभ्यानेच म्हणाला, "माजी पाळी ऐतवारी दुपारी आलीया."

फायनल रविवारी दुपारीच होती. पाळी म्हणजे पाटाचं पाणी आपल्या रानात घ्यायची ठरलेली वेळ. पाऊस येईपर्यंतची ही शेवटचीच पाळी. सोपानचा दोन एकर ऊस, घरात तो आणि म्हातारी आई. पाळी चुकली तर ऊस उभ्याउभ्या वाळणार.

"जावयानं काम केलं म्हनायचं," अण्णा नामदेवाकडे न बघता म्हणाले.

"वरनं आखून आलंय. मी काय इंद्र हाय व्हय? बदलून द्यायला कोन तयार आसंल त्यानं हात वर करा."

सगळ्यांचे हात बशीला चिकटून राहिले. गावावर प्रेम सगळ्यांचंच होतं, पण ऊसही सगळ्यांचाच होता.

राहिला एकच उपाय. सोपानने गोल राखायचा, आणि त्याच्या जागी कुणीतरी दारं धरायची (एक सरी भरली की माती ओढून पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं). एका माणसाचं काम. पण तो एक माणूस फायनलला मुकणार, आणि बाकीचे पुढची वीस वर्षं त्याला त्या फायनलच्या गोष्टी ऐकवणार. याला कुणीच राजी होईना. रामप्रहरापासून दुपारपर्यंत खल झाला, आणि शेवटी अण्णांनी निवाडा दिला.

"जायाचं तर समद्यांनी. येकानं बगायची आन् येकानं न्हाई, आसं व्हनार न्हाई."

हा निवाडा सर्वांना इतका पसंत पडला की त्यातली गंमत कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही. रविवारी सकाळी भाकऱ्या बांधताना मेहुणीने विचारलं, "मग मॅचला कोण?"

"कुणी नाही," रंगनाथराव म्हणाले. "हा न्यायाचा प्रश्न आहे."

दुपारी कोल्हारचे झाडून सगळे फुटबॉलप्रेमी सोपानच्या उसात होते. एक फावडं, आणि ते कसं धरावं हे सांगणारी सगळी पंचक्रोशी. नामदेव पाटाच्या दारापाशी घड्याळ घेऊन बसला, वेळ संपल्यावर क्षणभरही जास्त पाणी जाऊ नये म्हणून. मी बांधावरून तोल जाऊन सरीत उतरलो आणि वर आलो तेव्हा एका पायात वहाण नव्हती. कोल्हापुरी वहाण. ती त्या मातीने ठेवून घेतली.

कारखान्याचं मैदान जवळच, पण उसापलीकडे. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. थोड्या वेळाने तिकडून मोठा गलका उठला.

"गेला गोल," कुणीतरी म्हणालं. "आपला का त्यांचा?"

इथे मी पुढे झालो. अखेर मला बोलावलं होतं कशासाठी? "विचार करा," मी म्हणालो. "आपली सगळी माणसं इथे. मग तिथे ओरडणार कोण? राहात्याचेच. गलका म्हणजे त्यांचा गोल. शांतता म्हणजे आपला."

या तर्काला सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर बराच वेळ तिकडे एकदम चिडीचूप झालं, तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या आणि गूळ वाटला. मग पुन्हा गलका. पुन्हा गलका. अण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

नामदेवचा चेहरा मात्र गलक्यागणिक उजळत चालला होता. पाण्याची वेळ संपली. त्याने घड्याळ पाहिलं, आमचे चेहरे पाहिले, आणि घड्याळ खिशात घातलं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हरताय तर हरताय, पानी तरी पोटभर घ्या. आमी राहात्याची मानसं मनानं मोठी."

"तुमी कोल्हारची भाकर खाता," अण्णा पुटपुटले. पण दार कुणी लावू दिलं नाही. त्यानंतरही एक गलका झाला. पाणी वाहतच राहिलं.

उन्हं कलली तेव्हा सोपान सायकलवरून आला. आमच्याकडे न पाहता थेट उसात शिरला. पाचटाची करकर लांबवर गेली. तो परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"श्येवटच्या सरीपत्तुर भिजलाय," तो म्हणाला, आणि मटकन बांधावर बसला.

रंगनाथरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चार-एकने हरलो म्हणून काय झालं, बाबा."

"कोन हरलं? चार-येकनं जिकलो की." कॅरियरला टॉवेलात बांधलेला कप त्याने सोडला.

"मंग वरडत कोन हुतं?" अण्णा म्हणाले.

"आपल्या बायका. तुमी समदे हिकडं, म्हनून गाड्या जुपून आल्त्या. रंगनाथरावांच्या घरच्या काकी तर गोलामागं हुब्या राहून मलाच दटावत हुत्या."

"आन् ती शांतता? आमी गूळ वाटला."

"ती व्हय. तवा त्यांचा गोल झाल्ता."

पुढे जे नाचणं झालं त्यात माझी दुसरी वहाणही गेली. मी अनवाणीच परत आलो. एस.टी.त बसल्या बसल्या मला एक मोठं सत्य उमगलं. फुटबॉलच्या चर्चेला सामना पाहण्याची मुळीच गरज नाही, पाहिल्याने उलट मतं बिघडतात. हे आपल्या पेठांतल्या कट्ट्यांना केव्हाच माहीत आहे, हे मी मान्य करतो.

तरीही लोक विचारतात, तिकडच्या माणसांना खेळाची खरी कळकळ आहे का? तेव्हा मी त्यांना नामदेवचं सांगतो. सगळे कप घेऊन नाचत होते आणि तो पाटाच्या दाराशी तसाच उभा होता. त्याने कपाकडे पाहिलं, गच्च भिजलेल्या उसाकडे पाहिलं, आणि भर गर्दीत मोठ्याने म्हणाला,

"आसं हुतं तर माजं पानी परत करा."