मेजरकाका आणि न झालेलं युद्ध

मेजरकाका फौजेतून निवृत्त होऊन नॉटिंगहॅमला आले होते, पण आम्हाला त्यांचा धाक वाटायचा तो दोन शब्दांचा. कुणी तावातावाने बोलू लागलं की ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “बरं. मग?” भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

माझी मैत्रीण मेधा ही त्यांची लेक. काकू गेल्यावर तिने त्यांना इकडे आणलं आणि वर्षभरात त्यांच्या हृदयाने असहकार पुकारला. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मागची छोटी खोली आणि ओल्या बागेकडची एक खिडकी, एवढंच जग उरलं. “मेधाने मला प्रेमाने नजरकैदेत ठेवलंय,” असं ते तिच्यासमोरच म्हणायचे. तरी रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि कार्पेटवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश.

“अप्पा, जायचंय कुठे?” मेधा वैतागायची.

“कुठेच नाही. म्हणून काय गबाळं राहायचं?”

दिल्लीत संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात आपली फौज सीमेवर जाऊन उभी राहिली. काकांचा मुलगा, कॅप्टन निखिल, राजस्थानात शेतांमधून सुरुंग पेरत होता. त्याचा फोन क्वचितच यायचा. इकडे आमच्यातले वीर मात्र चहासोबत रोज लढाई जिंकत होते. त्यांचा सेनापती समीर, आयटीतला, नुकतंच वर्क परमिट वाढवून मिळालेला.

“काका, इनफ इज इनफ. एवढी आर्मी नुसती उभी का केलीय? अटॅक करून टाकायला पाहिजे.”

“बरं, केला. मग?”

समीरने बिस्किट चहात बुडवलं.

“सगळी तयारी झाल्यावर थांबणं, ही सगळ्यात कठीण ड्यूटी,” काका म्हणाले. “हुकूम न देणाऱ्यालाही झोप लागत नसते, बाबा.”

मला त्यांचा रागच यायचा. पोटचा पोरगा तिथे, आणि हे आम्हाला नागरिकशास्त्र शिकवतायत. एकदा मी चहा घेऊन खोलीत गेले, तर काका फोन मांडीवर घेऊन बसलेले. “डायल टोन येतोय ना, ते बघतोय,” म्हणाले. त्यानंतर मी रागावणं सोडलं.

पुढच्या ऑटममध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं. युद्ध टळलं म्हणून मी जिलबी घेऊन गेले. काकांनी हात लावला नाही. “पेरलेलं काढायचं राहिलंय अजून,” म्हणाले. “वाळू सरकते. पेरलं तिथेच सापडेल असं नसतं.”

दिवाळी झाली आणि सुरुंग काढताना निखिल गेला. डॉक्टर तरीही विमानाला नाहीच म्हणाले. काकांनी हुज्जत घातली नाही.

पुण्याच्या स्मशानातून त्यांच्या धाकट्या भावाने मोबाइल लावला. मेधाने इकडे फोन स्पीकरवर टाकला. बिगुल वाजू लागलं तसे काका पलंगाचा आधार सोडून ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. बिगुल थांबलं, थोडी कुजबुज ऐकू आली, मग लाइन कट झाली.

समीरही आला होता, दाराशी रडत होता. “काका, तेव्हाच वॉर झालं असतं तर निदान...”

“नाही. थांबले ते बरोबरच होतं. माझा निखिल गेला म्हणून ते चूक ठरत नाही.”

हात अजून कपाळाशीच होता. फोनकडे बघत त्यांनी लेकीला विचारलं, “मेधा, संपलं का गं तिकडे? हात खाली घेऊ?”