तांबूस पितळेचा सूर

पितळ घासल्यावर हाताला येणारा आंबूस वास कडुलिंबाच्या मोहोरात मिसळून त्या चैत्री दुपारी ओसरीभर दरवळत होता. नगरहून दुरुस्त होऊन आलेला ट्रॉम्बोन मी मांडीवर घेतला, पहिला सूर फुंकला, आणि मनात संशयाची पाल चुकचुकली.

पाथर्डीत मी शाळेत शिकवतो. जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीच्या बँडमध्ये मात्र हे वाद्य वाजवतो. ते वडिलांचे. त्याचा भोंगा, म्हणजे पुढचे पसरट, सुटे निघणारे तोंड, तांबूस पितळेचा. तांबे अधिक असले की सूर उबदार, कलत्या उन्हासारखा जड येतो, आणि जस्त वाढले की रंग पिवळा व आवाज धारदार होतो, असे वडील सांगत. टेम्पोच्या फाळक्यावर आपटून भोंग्याला पोचा पडला होता. आता परत आलेला सूर मला धारदार वाटत होता, आणि लखलखणारा धातू जितका निरखावा तितका पिवळा दिसत होता. पतीच्या माघारी वाद्यदुरुस्तीचे दुकान एकटीने चालवणाऱ्या ताराबाईंनी भोंगाच बदलला, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी नगर गाठले. दुकानात दोन अनोळखी गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "बाई, हा भोंगा माझा नाही. तुम्ही बदललात."

ती दोघे एकमेकांकडे पाहत उठून गेली. ताराबाईंनी हातोडी खाली ठेवली. "भिंतीकडं तोंड करून बसा, गुरुजी. मी फुकते. तुमचा कोनता ते सांगा."

त्यांनी एक लांब सूर लावला. मग भोंगा बदलून तोच सूर पुन्हा. दुसरा इतका गहिरा होता की मला वडील आठवले.

"दुसरा," मी ठामपणे म्हणालो.

वळून पाहिले, तर त्यांच्या हातातला भोंगा साधा, हळदीसारखा पिवळा होता. माझा मेजावर होता. त्याच्या काठाखालचा चिरेवरचा बारीक सांधा त्यांनी मला दाखवला. "तुमच्या वडलांसमोर ह्यांनी जोडलेला. घासताना बी मी त्याला धक्का लावला न्हाई." मी बोट फिरवले, तर ती खरखर ओळखीची निघाली. इतकी वर्षे पुसताना माझे बोट त्यावरून गेले होते, डोळे कधीच गेले नव्हते.

"मग मला फरक का वाटला?"

"पितळेचा फरक असतो की. पन फुकनाऱ्याला जेवढा वाटतो, तेवढा ऐकनाऱ्याला न्हाई कळत. आन् तुमी तर तो मनातच घेऊन आलात."

मी माफी मागितली. त्यांनी पुन्हा हातोडी उचलली. "त्या दोघांसमोर बोललात, गुरुजी. माफी एकटीसमोर मागताय."

मिरवणुकीत लोकांनी वाहवा केली. मी मात्र प्रत्येक सुरामागून स्वतःच्याच कानाकडे संशयाने पाहत होतो. ती दोघे कोण, कुठली, ताराबाईंनाही ठाऊक नाही. त्या दोघांच्या गावी ती बाई अजून भोंगा बदलणारीच असेल, आणि तिथवर माझा कोणताही सूर पोहोचत नाही.