सुताचं कुंपण

भिवंडीची सुट्टी शुक्रवारी. बाकी जगाचा रविवार असतो, तो शाळा सुटल्यापासून आम्हाला कधी लागला नाही. शुक्रवारी माग बंद, आणि कामतघरच्या गल्ल्या इतक्या गप्प व्हायच्या की शेजारच्या खोलीत कोणी स्टोव्हला पंप मारला तरी ऐकू यायचं. मी एका कारखान्यात जॉबर होतो. मागावर उभा राहतो तो कारीगर, आणि माग बिघडला की ज्याच्या नावाने शंख होतो तो जॉबर. बारा तासांची शिफ्ट, चोवीस माग, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी हात वर करून बोलावणार. हात वर करून, कारण त्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. चाळिशी आली की आमच्यातली निम्मी माणसं घरीही ओरडून बोलायची आणि शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण लागलंय.

म्हणून आम्ही समुद्रावर जायचो. ऐंशी सालानंतरची ती आठ-दहा वर्षं, आणि पुढे नव्वदीतलीही थोडी. माझा एक दोस्त दिघाशीचा, घरी भातशेती, पण शेतात चारांचं भागत नाही म्हणून तो टेम्पो चालवायचा. आठवडाभर कारखान्यातले कापडाचे तागे दापोड्याच्या गोदामात नेऊन टाकायचे, आणि शुक्रवारी पहाटे त्याच टेम्पोत आम्ही चौदा-पंधरा जण. वस्तीतल्या बुद्धविहारासमोरून निघायचं, अंजूरफाट्याला चहा, मग कामणच्या रस्त्याने वसईच्या पलीकडे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तिथे उद्या भेळेच्या गाड्या लागतील. बहुधा लागल्याही असतील, पण ते पाप माझ्या माथी नको.

सुरूच्या झाडांखाली तिथे वाळूचा उंचवटा होता, भरतीचं पाणी पोचायचं नाही असा. वर सपाट, कोरडी, घट्ट वाळू. देवाने क्रिकेटसाठीच केली असावी, असं आमचं ठाम मत होतं. सुरूच्या फांद्यांचे स्टंप, रबरी चेंडू, आणि सकाळी आठपासून उन्हं चढेपर्यंत खेळ. आमच्यात एक म्हातारे कारीगर होते, आझमगढकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते खेळायचे नाहीत. लुंगी गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात उभे राहायचे, तासन् तास. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाले, "बेटा, यहाँ जो आवाज़ है ना, उसे किसी ने चालू नहीं किया." मला ते इतकं आवडलं होतं की पुढचा आठवडाभर मी कारखान्यात सगळ्यांना ऐकवत होतो.

आणि मावशी होती. उंचवट्याच्या मागेच तिचं झोपडं. नवरा वारलेला, पोरी लग्न होऊन गेलेल्या. ती आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची, सोबत जे मिळेल ते मासळीचं कालवण. आम्ही तांदूळ आणि तेल न्यायचो. जेवताना ती समोर बसून आमची टिंगल करायची. कारखान्यातली माणसं भाकरी अशी खातात जशी कोणी मागे शिट्टी घेऊन उभं आहे, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. त्या जेवणाची चव अजून तोंडात आहे आणि ती परत कुठे मिळाली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एका वर्षी माघात आम्ही पोचलो, तर मावशी आमच्या पिचच्या मधोमध बसलेली. पाय पसरून, विडा चघळत. आज इथे खेळायचं नाही, म्हणाली. मंगळवारी कासवीण वर आली होती, अंडी घालून गेली. वाळूवर तिचे माग अजून दिसत होते, ट्रॅक्टरच्या चाकासारखे.

माझं डोकं फिरलं. सहा दिवस मर मर मरायचं, एक दिवस मिळतो, त्यावरही कोणीतरी येऊन बसणार. मी म्हणालो, "मावशी, एवढा मोठा किनारा पडलाय. तिला हीच जागा मिळाली?"

"तुला बी हीच मिळली ना?" मावशी म्हणाली. "तुझ्या आधी तिची आई यायची हितं. पयली लय यायच्या. आता सालात एखादी येतं. कुत्री उकरतात, मानसं उकरून बाजारात नेतात. ही बाळंतिणीची खोली हाय. बाळंतिणीच्या खोलीत कोन चेंडू खेलतं?"

दिघाशीवाला माझ्या कानाशी लागला. "बरोबर बोलतं ती. आमच्याकडं टिटवीनं शेतात अंडी घातली तं आमी नांगर फिरवून नेतो. इथं खेलायचं न्हाय."

मग मी भांडायचं थांबलो, पण रुसलो होतो. चेंडू खालच्या ओल्या वाळूवर गेला, तिथे तो उसळायचाच नाही. दुपारी डबे उघडायची वेळ आली तेव्हा आठवलं, आम्ही घरून उकडलेली अंडी आणली होती. कोणाची हिंमत झाली नाही. अंडी तशीच परत भिवंडीला आली.

परतीच्या वाटेवर माझा राग उतरला आणि मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की कारखान्यातले लोक घाबरायचे, ते उगीच नाही. कुत्री आत येऊ नयेत आणि आमचाही पाय चुकून पडू नये, यासाठी घरट्याला कुंपण घालायचं. आणि कुंपण घालणार कोण? ज्याला चोवीस मागांच्या ताण्याचे उभे धागे सांभाळता येतात तो.

पुढच्या शुक्रवारी मी बांबूच्या बारा काठ्या आणि सुताचे दोन मोठे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, घेऊन गेलो. सुती धागा खाऱ्या हवेत कुजतो, म्हणून पॉलिएस्टरचा घेतला. कोणी हाताने तोडायला गेलं तर बोट कापेल, धागा तुटणार नाही. घरट्याभोवती गोल काठ्या ठोकल्या आणि धागे भरायला लागलो. आधी आडवे, बोटभर अंतरावर, मग त्यात उभे. प्रत्येक धागा ओढून, वाजवून बघत. खालची ओळ वाळूला घासून घेतली, कुत्र्याचं नाकही जाऊ नये अशी. अख्खी सकाळ गेली. सगळे भोवती उभे राहून बघत होते. चाचांनी धाग्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "उस्ताद का काम है." जन्मात त्यांनी कोणाला उस्ताद म्हटलं नव्हतं. माझी छाती केवढी फुगली असेल, ते सांगायला नको.

मावशी मात्र दर्याच्या बाजूने वाकून बघत होती. "पिल्लं कुठनं जातील?"

मी म्हणालो, फट ठेवली तर कुत्री तिथूनच शिरतील. पिल्लं निघायची वेळ आली की मी स्वतः येऊन ती बाजू उघडीन. किती दिवस लागतात? ती म्हणाली, पावणेदोन महिने, थोडं मागंपुढं. मी बोटांवर शुक्रवार मोजले आणि आठवा शुक्रवार धरला. त्या दिवशी उघडू. मावशीला ते फारसं पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी ज्या थाटात सांगितलं, त्यापुढे ती गप्प बसली. बांधलंय त्याने, त्याला कळत असेल, असं तिने धरलं.

मधले शुक्रवार फार छान गेले. ओल्या वाळूवर खेळायची आम्हाला सवय झाली. चेंडू पाण्यात गेला की आउट, असा नियम केला, आणि त्यात अशी मजा यायची की वरचं पिच कोणाला आठवेना. पोचल्यापोचल्या सगळे आधी कुंपणाकडे जायचे. कुत्र्यांच्या पायांचे ठसे भोवती फिरून परत गेलेले असायचे. एकही धागा सैल नाही. कारखान्यात लोक विचारायचे, "तुमचं कासव कसं आहे?" आमचं म्हणायचे. त्या महिन्यांत मला कामावर जायलाही बरं वाटत होतं.

आठव्या शुक्रवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो. पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. उंचवट्यावर कावळे होते. मावशी कुंपणाशी गुडघ्यावर बसली होती, हातात मासे कापायची कोयती.

पिल्लं पहाटेच निघाली होती. पाण्याकडे तोंड करून सरळ चालत आली आणि माझ्या धाग्यांत घुसली. कोणाची मान अडकलेली, कोणाचे दोन्ही पाय. जितकी धडपडली तितकी गुरफटत गेली. मागून येणारी त्यांच्यावर चढून वरच्या ओळीत अडकली. धागा एकही तुटला नव्हता. माझं सगळं आयुष्य धागा तुटू नये यासाठी गेलेलं. तुटला की माग थांबतो, मालक ओरडतो, कापडात खोट येते. धागा तुटायलाही हवा असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आम्ही सगळे बसलो. एकाकडे ब्लेड होतं, दोघांकडे धागा कापायच्या छोट्या कात्र्या. बाकीचे दातांनी. पिल्लू तळहाताच्या निम्म्याएवढं, काळं, आणि हातात घेतलं तरी पाय हलवतच राहायचं. सोडवलं की चाचा लुंगीच्या ओच्यात घेऊन पाण्यापर्यंत न्यायचे आणि ओल्या वाळूवर ठेवायचे. बरीच गेली. बरीच गेली नाहीत. जी गेली नाहीत ती मी एका बाजूला ठेवत होतो. मावशी म्हणाली, "मोजू नको." मी मोजली. एकोणीस होती.

मावशीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तू विचारलं होतंस." ती म्हणाली, "मी इचारलं, पन उघडलं न्हाय. मला बी कलत होतं." आणि तिने भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्यानंतर मी समुद्रावर गेलो नाही. ओव्हरटाइम आहे म्हणायचो. माझ्याशिवाय बाकीचेही हळूहळू थांबले. शुक्रवार आले की लोक खोलीत पडून राहायचे, पत्ते खेळायचे, बायकांशी भांडायचे. माझ्यामुळे पंधरा जणांचा समुद्र गेला, हेही मला कळत होतं. कळून मी काही केलं नाही.

पुढच्या माघात दिघाशीवाला कारखान्यात आला. वसईला माल टाकायला गेला होता, तसाच वाट वाकडी करून मावशीकडे जाऊन आला होता. "कासवीण आली हाय," म्हणाला. "मावशीनं निरोप दिलाय. शुक्रवारी या. सूत आनू नका, मानसं आना."

आम्ही गेलो. घरट्यावर तिने मासळीची पाटी उपडी घातली होती, वर दगड. दिवसा पाटी असायची, संध्याकाळी ती काढायची आणि दारात खाट टाकून बसायची. एवढंच. आम्ही खाली खेळायचो, वर जायचो नाही.

पिल्लं निघाली त्या दिवशी आम्ही तिथेच होतो, ऊन कलल्यावर, परत निघायच्या बेतात. पाटी नुकती काढली होती. मधली वाळू खचल्यासारखी झाली आणि एक डोकं वर आलं. मावशीने आम्हाला दोन रांगांत उभं केलं, घरट्यापासून पाण्यापर्यंत, तोंडं बाहेर करून, कुत्र्या-कावळ्यांवर लक्ष ठेवायला. आम्हाला बघायची परवानगी नव्हती, पण सगळे मान वळवून बघत होते. पंधरा माणसं आणि कोणी बोलत नाही, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एक पिल्लू माझ्या पायावरून गेलं.

शेवटचं पाण्यात गेल्यावर मावशी माझ्याजवळ आली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं. मागल्या सालची बी ह्यांच्यातच धर."

मी मान हलवली. तिला बरं वाटावं म्हणून हलवली. पण मला ती ह्यांच्यात धरता आली नाहीत. ही पाण्यात गेली होती, आणि ती मी माझ्या हाताने वाळूत पुरली होती.