अप्पारावचा फेटा आणि मोरीची वाट

आमच्या घनसावंगीच्या पट्ट्यात अप्पारावइतका फुगीर माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवरदेवाला फेटा बांधायचा म्हणजे यालाच गाडी पाठवायची. बांधतो सुरेख, ते मान्य. पण बोलतो असा, जणू त्याच्या हाताशिवाय अक्षताच पडत नाहीत.

हाच अप्पाराव दोनेक सालांपासून फेटा अर्धा टाकून पळू लागला. लघवी आली की दम धरवत नाही, आणि मोरीत बसला की उतरत नाही. वर बोटं अशी आखडली की शर्टाची बटणं बायको, चांगुणाबाई, लावून देई. पण हा पठ्ठ्या सांगतो कुणाला? कापडच खराब आलंय, म्हणायचा. लग्न असलं की सकाळपासून पाण्याला शिवायचा नाही. पारावरच्या शहाण्यांनी त्याला साखरेचा रोगी ठरवून कारल्याचा रस पाजला. रक्त तपासा, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

गावातल्या देवानंदच्या लग्नात तर कहर झाला. अर्धा फेटा नवरदेवाच्या डोक्यावर, उरलेला अप्पारावच्या हातात, आणि धोतर ओलं. म्हणतो कसा, तांब्या सांडला. मला हसू आवरेना. मांडवात तांब्या नव्हताच, सगळ्या बाटल्या होत्या.

चांगुणाबाईनं मग त्याला ओढत जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोटं पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, चालायला लावलं आणि लघवीचं विचारलं. बाईमाणसापुढं असलं बोलायचं? अप्पाराव छाती काढून म्हणाला, "एकदम बराबर हाये."

"काय बराबर?" चांगुणाबाई म्हणाली. "बाई, धोतरं मी धुऊन राह्यले. ह्यांचं न्हाई, माझं ऐका."

मानेचा फोटो काढला. हातांना अन् लघवीला हुकूम नेणारा मज्जारज्जू मानेच्या मणक्यांत दबला होता. उशीर केला तर बोटंही जातील अन् लघवीचा ताबाही, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, बाईंनी बजावलं. यावर या गृहस्थानं विचारलं काय, तर फेटा बांधता येईल ना.

ऑपरेशन झालं. बोटं बरीच मोकळी झाली, लघवी मात्र अजून घाई करते. कुणी विचारलं तर सांगतो, फेट्यांच्या वजनानं मान गेली. फेटे सगळे दुसऱ्यांच्या डोक्यावर, बरं का.

पण गाडीतून उतरला की आता आधी मोरी कुठंय ते विचारतो, मग नवरदेव. एवढी अक्कल यायला मान कापून घ्यावी लागली.