अकरावा प्रश्न

माझ्या वर्गात होती तेव्हा तिला सगळे 'बरोब्बर' म्हणत. गणित सुटलं तरी तिचं समाधान होत नसे. उलट बाजूने ताळा करून उत्तर जुळलं, की स्वतःशीच पुटपुटायची, "बरोब्बर." आता तिने पंचेचाळिशी ओलांडली आहे. तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. माझ्या समोरच्या तिच्या दाराला एकतर कुलूप असतं, नाहीतर आत ती असते. तिसरं कोणी नाही.

एका मानसोपचार केंद्रात ती संशोधनाच्या कामाला होती. उदास राहणाऱ्या, जिवाला सतत घोर लागलेल्या चाळीस माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाने रोज वीस मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन भरकटलं की न चिडता परत आणायचं. दुसऱ्याने तेवढाच वेळ झोप, आहार, व्यायाम यांवरची भाषणं ऐकायची. दर आठवड्याला प्रत्येकाला फोन करून ठरलेले दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे आकडे भरायचे. कोण कुठल्या गटात आहे हे फोन करणाऱ्याला कळता कामा नये, आणि कागदावर नाही ते एक अक्षरही बोलायचं नाही. वीस माणसं तिच्याकडे होती, वीस एका निवृत्त कारकुनाकडे.

कारकून दहाही प्रश्न एका दमात वाचत. "अहो, फोन करताय की गाडीची घोषणा?" ती विचारायची.

"बाई, घोषणा ऐकून कोणी रडत नाही," ते म्हणायचे.

मी एकदा तिला विचारलं, "तू स्वतः बसतेस का गं ध्यानाला?"

"बसून पाहिलं. मन भरकटलं की परत आणा म्हणतात. माझ्या मनाला जायलाच कुठे जागा नाही."

तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबरने, म्हणजे एका वयस्कर शिंप्याने, दहावा प्रश्न झाल्यावर फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. "आणखी काही?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"बटणांची काजं बायको करायची. ती गेल्यापासून आधी काजंच करून घेतो," शिंपी म्हणाला. "शेवटाला ठेवली की हात उचलत नाही."

एकाला विचारलं तर सगळ्यांना विचारायला हवं, नाहीतर मोजमाप सारखं राहणार नाही, असं तिच्या हिशेबी डोक्याने ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून विसाही जणांना, त्याच दोन शब्दांत, अकरावा प्रश्न सुरू झाला. पाच वाजता फोन बंद व्हायचे. त्यानंतर सकाळपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नसे.

सोळा आठवड्यांनी, अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तोवरचे आकडे मांडले. कारकुनाच्या यादीत ध्यान करणारे बरेच सावरले होते, भाषणं ऐकणारे फारसे नाही. तिच्या यादीत दोन्ही गट सारखेच सावरले होते.

"तुमचा हात लागला की नुसत्या भाषणांनीही माणसं बरी होतात वाटतं!" डॉक्टरबाई हसल्या. "असेल योगायोग. वीसच तर माणसं."

फोन रेकॉर्ड होत नव्हते. ती गप्प राहिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि ते वीस आवाजही तिचेच राहिले असते. दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन तिने सगळं सांगितलं. "ध्यानाने खरंच किती आराम पडतो, ते तुम्हाला कळायला हवं. माझ्यामुळे ते झाकलं जातंय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आणि लोक जे बोलले, ते लिहून ठेवलंत?"

"नाही. लिहिण्यासाठी विचारलंच नव्हतं."

तिचे आकडे वेगळे काढायचं ठरलं. पण अभ्यास अर्धवट सोडता येत नाही. उरलेल्या फोनच्या वेळी कारकून शेजारी बसतील, कागदाबाहेर एक शब्द जाणार नाही, आणि कारणही कोणाला सांगायचं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने सतरा नंबर लावला. "प्रश्न दहावा. गेल्या सात दिवसांत एकटं वाटलं का? अजिबात नाही, कधीकधी, बरेचदा, की रोज?"

"कधीकधी."

"धन्यवाद. आजचे प्रश्न संपले."

पलीकडचं शिवणयंत्र थांबलं. "बाई, माझं काही चुकलं का?"

कारकुनांनी मान फिरवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. दोन शब्द ती बोलली असती, तर त्यांनी ते ऐकले नसते.

"आजचे प्रश्न संपले," ती पुन्हा म्हणाली.

"बरं," शिंपी म्हणाला. "मग तो शेवटचा आकडा बदला. बरेचदा, असं लिहा."

भरलेला आकडा बदलायचा तर एकाच रेघेने खोडायचा, वर नवा लिहायचा, बाजूला सही करायची, असा नियम होता. तिने तसंच केलं आणि अठरा नंबर लावला.